मोजणी

ऑगस्टअखेर. नुओरोच्या वरच्या अंगाला वारा पडलेला.
वारा पडला की चिलटं उठतात.
बाकीझियो मेंढीचा जबडा फाकवून धरतो,
मी टॉर्च मारते:
जीभ जांभळी, सुजून दातांत न मावणारी,
चोरून तुती खाल्लेल्या पोरासारखी.
"लस टोचली होती," तो म्हणतो. "मग हा कोण?"
प्रश्न मला आहे, पण बघतो मेंढीकडे.

खाली शहरात, प्रयोगशाळेत, मी रक्त उलगडते.
दहा तुकडे. या विषाणूचे कायम दहाच.
प्रत्येक दुपदरी, पिळाच्या दोरासारखा,
आणि हा दोर तो उघड्यावर आणत नाही,
कारण दुपदरी दोर दिसला की पेशी बोंब मारते.
म्हणून दार लावून, आत बसून नकला काढायच्या,
एकेरी प्रती तेवढ्या फटीतून बाहेर सोडायच्या.
इतका भित्रा. आणि आज सकाळी एकेचाळीस मेंढ्या.

सहा तुकडे इथलेच, बेटावरचे, तोंडओळखीचे.
तीन समुद्रापलीकडचे, दक्षिणेच्या वाऱ्यावर बसून आलेले;
त्यातला एक अंगरखा शिवणारा,
म्हणून आमच्या लशीनं त्याला ओळखलंच नाही.
दहाव्याबद्दल मी दोन दिवस गप्प राहिले.
त्याचं तोंड इथलं आणि शेपूट तिकडचं होतं.
वाटलं, माझंच पिपेट उष्टं.
पुन्हा केलं. पुन्हा केलं.
शिवण तिथेच.

बाकीझियोला हे कसं सांगावं, हा विचार करत घाट चढले.
गोनारिया धारा काढत होती.
ती मेलेल्या भावाचा विलाप सुरू करते
आणि मधेच, कुठे ते कळत नाही, अंगाईत उतरते.
विचारलं, तर हसली.
"दोन्हींत 'नीज' आहे ना. तिथे पाय घसरतो."
मी वहीत काहीच लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

बाकीच्या नऊंचं बाकीझियोनं स्वतःच सांगितलं.
नऊ वर्षांपूर्वी, वादळात, मधली दगडी भिंत पडली.
त्याचा कळप आणि प्रेदूचा कळप
रात्रभर एका अंगणात, एकमेकांच्या लोकरीत.
सकाळी दोघे हट्टी पुरुष फाटकाशी उभे.
कानांवरच्या खुणा कोण बघतो, पाऊस मी म्हणत होता.
एकशे ऐंशी तुझ्या, एकशे ऐंशी माझ्या.
"मोजणी बरोबर होती," तो म्हणतो.
"कोण कुणाची, ते मोजणीत येत नाही."
त्या साली चीज वेगळंच लागलं.
पुढच्या दुष्काळात तगली ती त्या मिसळणीतलीच कोकरं,
आणि हे प्रेदूला कळू नये
म्हणून तो प्रेदूशी बोलेनासा झाला.

मी म्हटलं, अगदी असंच. फक्त अंगण म्हणजे एक पेशी,
कधी मेंढीची,
कधी तिळाएवढ्या चिलटाच्या पोटातली,
जे एका संध्याकाळी दोन गळ्यांवर बसलं.
आणि जुळवाजुळव बहुतेक वेळा फसते.
फसलेले कुणाला दिसत नाहीत.
आपल्या दारात येतो तो जमलेला.
"म्हणजे हुशार आहे."
"नाही. मोजता येतं, इतकंच."

माझ्या फॉर्मवर एक चौकट आहे: मूळ.
ती कोरी ठेवून मी सही केली.

निघताना प्रेदू भिंतीपलीकडे आला.
त्याच्याकडेही बंदी लागलेली, खड्डे खणलेले, चुना पसरलेला.
बोलला नाही. हात पुढे केला.
हातात घंटा, पट्ट्यासकट,
आज मेलेल्या एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यातली,
बाकीझियोच्या बापानं सुरात लावून घेतलेली.
बाकीझियोनं ती घेतली, कानाशी नेऊन एकदा हलवली,
खालच्या कळपाकडे कान देऊन थांबला.

"ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला.
"आता माझ्यात ही बेसूर लागेल."